टिपण आणि लेख यांच्यामधले दिवस

[दृश्य: टेबलावर उघडी पडलेली खिशात मावेल एवढी वही. पानावर एकच ओळ.]

‘जिन्यावर थांबून दोनदा मागे पाहिले, मग म्हणाले, काही नाही.’ या पानावर एवढेच लिहिले आहे. कोण थांबले, जिना कुठला, त्या ‘काही नाही’च्या मागे काय होते, याचा उल्लेख कुठेच सापडत नाही. वहीच्या मालकाला तो करण्याची गरज वाटली नव्हती. दिवस मावळण्याआधी तो क्षण निसटून जाऊ नये, एवढीच त्या वेळी घाई होती. या टिपणाचा लेख होईल तेव्हा तीन आठवडे उलटलेले असतील किंवा तीन वर्षे, आणि पुष्कळदा असा लेख कधी होणारही नाही.

स्वतःच्या आयुष्याविषयी नियमित लिहिणारा माणूस म्हटले की टेबलाशी वाकून बसलेली आकृती डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात टेबलाशी जाणारा वेळ त्याच्या दिवसाचा अगदी लहान तुकडा असतो. उरलेल्या वेळात तो चारचौघांसारखाच नोकरी करतो, बिले भरतो, कुणाची तरी वाट पाहत उभा राहतो. फरक इतकाच की ऐकलेले एखादे वाक्य त्याच्या मनात अडकून बसते आणि तो ते जसेच्या तसे उतरवून घेतो. टिपणापासून लेखापर्यंतचे हे जे दिवस असतात, त्यांत बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. आमच्या मते त्याचे खरे काम याच दिवसांत होते.

[दृश्य: वहीची पाने उलटणारा हात. काही ओळी खोडलेल्या, काहींखाली रेघ.]

टिपणांत चांगले आणि वाईट असा भेद असतो, आणि तो कळायला बरीच वर्षे जातात. ‘आज मन फार उदास होते’ ही नोंद लिहिताना पुरेशी वाटते, पण सहा महिन्यांनी वाचली तर ती कुणाचीही असू शकते; तिच्यातली उदासी वाळून गेलेली असते आणि तिला पुन्हा ओल येईल असे काही त्या शब्दांत नसते. याउलट ‘दारावरची घंटा दोनदा वाजली, मी उठलो नाही, पावले निघून गेली ती मोजली’ या नोंदीत उदासीचा शब्दही नाही, तरी ती संध्याकाळ सगळीच्या सगळी परत येते. म्हणून सरावलेला हात भावनेचे नाव लिहिण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. तो वस्तू लिहितो, आवाज लिहितो, आणि माणसांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत लिहितो, व्याकरणाच्या चुकांसकट. बोललेले वाक्य सुधारून लिहिले की त्यातला माणूस निघून जातो, हे त्याला एकदोनदा पस्तावल्यावर कळलेले असते.

वह्या साचत जातात आणि हवे ते टिपण वेळेवर सापडत नाही, ही तक्रार फार जुनी आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८६ मध्ये वहीला अनुक्रमणिका कशी जोडावी याची स्वतःची पद्धत प्रसिद्ध केली. विषयाच्या शब्दातले पहिले अक्षर आणि त्यातला पहिला स्वर या दोहोंवरून नोंदीची जागा ठरवायची, असा तो हिशेब होता. आज हेच काम फोनमधला शोध क्षणात करतो. मात्र शोधायचा शब्दच आठवत नसेल तर दोन्ही उपाय सारखेच निरुपयोगी ठरतात. मग वही पहिल्या पानापासून चाळावी लागते, आणि जे शोधायला निघालो त्याऐवजी भलतेच सापडते. कित्येक लेखांचा जन्म या भलत्यातूनच झालेला असतो.

[दृश्य: जुन्या लंडनचे कोरीव चित्र, छपरांवरून वर चढणाऱ्या ज्वाळा.]

सॅम्युएल पेपिस हा इंग्लंडच्या नौदल कार्यालयातला अधिकारी १ जानेवारी १६६० पासून रोजनिशी लिहीत होता. सप्टेंबर १६६६ मध्ये लंडनला लागलेली प्रचंड आग त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. कबुतरे घर सोडायला तयार नव्हती आणि पंख होरपळेपर्यंत खिडक्यांभोवती घुटमळत राहिली, हे त्याने लिहून ठेवले. आग जवळ आल्यावर आपण बागेत खड्डा खणून त्यात मद्य आणि चीज पुरले, हेही लिहून ठेवले. या नोंदी वाचताना असे वाटते की लिहिणाऱ्याच्या कपड्यांना अजून धुराचा वास येत असावा. परंतु त्या दिवसांत त्याने सुट्या कागदांवर टिपणे केली होती, आणि रोजनिशीच्या वहीत ती उतरली पुढच्या जानेवारीत, म्हणजे चार महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावर. कबुतरे ताजी राहिली ती त्या सुट्या कागदांमुळे. ती कागदावर नसती, तर जानेवारीत त्याच्या हाती ‘भयंकर आग लागली होती’ एवढेच वाक्य उरले असते, अशी शंका घेण्यास जागा आहे.

[दृश्य: पहाट. दिव्याचा पिवळा उजेड, रिकामी खुर्ची.]

आता टेबलाशी लिहायला बसण्याच्या बैठकीकडे वळू. रोज काही तरी लिहीत जावे, हा उपदेश मराठी वाचकाला समर्थ रामदासांपासून ओळखीचा आहे. तो पाळणारे मात्र थोडे, आणि पाळला म्हणून अभिमानाने सांगणारे त्याहून थोडे. अँथनी ट्रोलॉप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करत असताना पहाटे साडेपाचला टेबलाशी बसत असे. आपल्याला उठवण्यासाठी तो एका जुन्या सेवकाला वर्षाला ५ पौंड जादा देत असे. समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांत २५० शब्द लिहायचे, असा त्याचा दंडक होता, आणि त्याच्या निधनानंतर १८८३ मध्ये छापलेल्या आत्मचरित्रात ही माहिती त्याने स्वतःच दिली आहे. शब्द मोजण्याची ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. तिच्या शेजारीच असलेली दुसरी सवय आम्हाला अधिक मोलाची वाटते: रोजचा पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशी लिहिलेले वाचण्यात घालवत असे, तेही वाक्याचा नाद कानाला कसा लागतो हे तपासत. थंड पडलेल्या मजकुराची ऊब पुन्हा हाताला लागेपर्यंत त्याने नव्या वाक्याला हात घातला नाही.

सवय लागायला किती दिवस लागतात, याविषयी एकवीस दिवसांचा एक आकडा सर्रास फेकला जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापला गेला. त्यात एखादी कृती आपोआप होऊ लागण्यास लागणारा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला आढळला, आणि मधला आकडा ६६ दिवसांचा होता. मधेच एखादा दिवस चुकला तर त्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात दिसले. त्या कृती खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या, लेखनाची त्यांत एकही नव्हती, हे मात्र सांगायला हवे. पाणी पिण्याची सवय लागली की पाणी पिणे सोपे होते. लिहिण्याच्या सवयीने खुर्चीत येऊन बसणे सोपे होते. पुढचे वाक्य पूर्वीइतकेच अवघड राहते.

[दृश्य: खिडकीबाहेर संध्याकाळ. वही मिटलेली.]

काही टिपणे अशी असतात की त्यांना लगेच हात लावू नये. मृत्यू, तुटलेले नाते, अपमान यांविषयी त्याच रात्री लिहिलेले पान बहुधा लिहिणाऱ्याच्या उपयोगाचे असते, वाचकाच्या नव्हे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ४६ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग चार रात्री, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे लिहायचे होते. काहींनी क्षुल्लक विषयांवर, तर काहींनी आयुष्यातल्या आघातांवर. घडलेले आणि त्याविषयी वाटलेले अशा दोन्ही गोष्टी ज्यांनी लिहिल्या, त्यांना लिहिल्यानंतर लगेच अधिक वाईट वाटले, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम लहान आणि कमीअधिक आढळला. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे हे, की ती पाने कुणी वाचावीत अशी लिहिलेलीच नव्हती. ती जशीच्या तशी छापण्याची घाई झाली की वाचकाच्या वाट्याला लिहिणाऱ्याची जखम येते आणि त्या जखमेचा अर्थ मागेच राहतो.

त्याहून बिकट प्रश्न दुसऱ्यांचा असतो. आपले आयुष्य लिहायचे म्हटले तरी ते आपल्या एकट्याचे कधीच नसते. जिन्यावर थांबलेल्या माणसाने आपण कुणाच्या वहीत जाणार म्हणून संमती दिलेली नसते. नाव बदलणे हा नेहमीचा तोडगा, आणि तो फारसा चालत नाही, कारण बोलण्याच्या लकबीवरून घरचे माणूस ओळखू येतेच. कुणी लेख आधी त्या व्यक्तीला वाचून दाखवतो, कुणी ती व्यक्ती हयात असेपर्यंत थांबतो. कुणी लिहून मोकळा होतो आणि सणासमारंभाला टाळला जाऊ लागतो. यात सर्वांना लागू पडेल असा नियम आम्हाला सापडला नाही. एक निरीक्षण मात्र नोंदवता येईल: ज्या लेखात लिहिणाऱ्याने स्वतःलाही तितक्याच कठोरपणे पाहिलेले असते, तो लेख दुखावलेला माणूससुद्धा शेवटपर्यंत वाचतो.

[दृश्य: छापील पानाचे समास, हस्ताक्षराने गच्च भरलेले.]

लेख पूर्ण झाला असे कधी म्हणायचे? फ्रेंच निबंधकार मिशेल द माँतेन १५७१ मध्ये सार्वजनिक कामातून बाजूला झाला आणि स्वतःविषयी लिहू लागला. त्याच्या निबंधांचे पहिले दोन खंड १५८० मध्ये आले, तिसऱ्यासह वाढवलेली आवृत्ती १५८८ मध्ये आली, आणि त्यानंतर १५९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो आपल्याच छापील प्रतीच्या समासात भर घालत राहिला. ती प्रत बोर्दो येथे जपून ठेवलेली आहे. आपण भर घालतो, दुरुस्ती करत नाही, असे तो म्हणत असे. खाडाखोड त्याने केली आहे, पण त्याचा रोख समजण्यासारखा आहे. चाळिशीतल्या स्वतःला पन्नाशीतल्या स्वतःकडून खोडून घेणे त्याला मंजूर नव्हते.

[दृश्य: पेपिसच्या रोजनिशीचे पान. बारीक, वळणदार, न वाचता येणाऱ्या खुणा.]

लिहिताना वाचक मनात असतो की नसतो, हे विचारल्यावर प्रामाणिक उत्तर क्वचितच मिळते. जपानच्या राजदरबारातील सेई शोनागोन हिने सुमारे हजार वर्षांपूर्वी आपली टिपणे लिहिली. ती कुणी पाहणार नाही अशा समजुतीने लिहिली होती, पण ती बाहेर फुटली, अशी खंत तिने शेवटी व्यक्त केली आहे. खंतही तिने लिहूनच ठेवली.

पेपिसने तर सगळी रोजनिशी लघुलिपीत लिहिली. दृष्टी जाईल या भीतीने त्याने ३१ मे १६६९ रोजी ती थांबवली. दृष्टी गेली नाही, तो पुढे १७०३ पर्यंत जगला, पण तशी रोजनिशी पुन्हा लिहिली नाही. सहा खंड त्याने फाडले वा जाळले नाहीत. उत्तम बांधणी करून ते आपल्या ग्रंथसंग्रहात ठेवले आणि तो संग्रह केंब्रिजच्या मॅग्डलेन कॉलेजकडे जाईल अशी व्यवस्था केली. शंभरहून अधिक वर्षांनी, १८१९ मध्ये, जॉन स्मिथ नावाच्या एका विद्यार्थ्याने ती लिपी उलगडायला घेतली आणि त्यात त्याची सुमारे तीन वर्षे गेली. त्या लघुलिपीचे शिकवणारे पुस्तक पेपिसच्या त्याच संग्रहात होते. स्मिथला त्याचा पत्ता नव्हता.