चेंडूसाठी हुंगणारे नाक

नमस्कार. सांगली जिल्ह्यात २०२४ साली कुपवाड येथे आणि कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथे मेफेड्रोन या अमली पदार्थाचे मोठे साठे सापडले, तेव्हापासून पोलिसांच्या श्वानांविषयी मला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो: या कुत्र्यांना आधी नशेची सवय लावतात का? अजिबात नाही; अशी थोडी पूड पोटात गेली तरी श्वानाच्या जिवावर बेतू शकते. त्याला हवा असतो तो चेंडू. ठरावीक वास सापडला आणि आपण त्यापुढे शांत बसलो की चेंडू मिळतो, एवढेच त्याच्या मनात पक्के केलेले असते.

भडंगाची पिशवी उघडली की आपल्याला एकच खमंग वास येतो. श्वानाला मात्र लसूण, तिखट, शेंगदाणे आणि तेल यांचे वास सुटे सुटे कळतात. त्यामुळे हळदीच्या पोत्यात पुडी दडवली तरी तिचा वास हळदीखाली झाकला जाईल, या भरवशावर राहता येत नाही.

सरावात खरी मेहनत निराळीच असते. पुडी ठेवणाऱ्याच्या हाताचा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा वासही डब्याला लागतो, आणि श्वान त्यातला सोपा वास पकडून मोकळा होतो. म्हणून त्याच हातांनी हाताळलेले, तशाच पिशव्या घातलेले रिकामे डबेही ओळीत मांडतात; त्यांच्यापुढे तो बसला तर चेंडू मिळत नाही.

माझ्या मते अधिक अवघड शिक्षण श्वान हस्तकाचे, म्हणजे श्वानाला हाताळणाऱ्या माणसाचे आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १८ हस्तक आणि त्यांचे श्वान अशा खोल्यांत शोध घेत होते, जिथे अमली पदार्थ मुळी नव्हताच. तरीही ‘लाल कागद लावला आहे तिथे वास आहे’ असे सांगितल्यावर हस्तकांनी तिथेच श्वानाने खूण केल्याचे अनेकदा नोंदवले. हस्तक क्षणभर थबकतो, दोरी किंचित ताणली जाते, आणि श्वान त्यावरून अंदाज बांधतो. (बिस्किटांच्या डब्याकडे गेलेली आपली नजर घरचा कुत्राही ओळखतो, हे पाळणाऱ्यांना सांगायला नको.) यासाठीच सरावात पुडी कुठे आहे, हे पुष्कळदा हस्तकालाही कळू द्यायचे नसते.

मे महिन्यात मिरज जंक्शनच्या फलाटावर तर आणखी एक अडचण येते. धापा टाकणे आणि बारकाईने हुंगणे एकाच वेळी नीट जमत नाही, म्हणून श्वानाची जीभ बाहेर लोंबू लागली की जाणता हस्तक त्याला सावलीत नेतो, पाणी पाजतो आणि उरलेल्या बॅगा तशाच थांबवून ठेवतो.