स्वस्तातला ज्यूसर घ्यावा का?

श्रोतेहो, नमस्कार.

दोन-तीन हजार रुपयांत मिळणारा घरगुती ज्यूसर विकत घेण्याजोगा असतो का, या प्रश्नाचा आज आपण जरा बारकाईने विचार करणार आहोत. मी कोणत्याही कंपनीचे नाव घेणार नाही. रेडिओचा तसा रिवाज आहेच. शिवाय या किमतीच्या यंत्रांमध्ये नावापेक्षा जातीचा फरक कितीतरी मोठा असतो.

या जाती मुख्यतः चार आहेत. पहिली हाताने दाबायची किंवा दांडा फिरवून चालवायची पिळणी, जी शेकड्यांतच मिळते. दुसरी विजेवर चालणारी, फक्त मोसंबी-संत्र्यांसाठी असलेली, जिच्या फिरत्या शंकूवर अर्धे फळ दाबून धरायचे असते. तिसरी जात म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘ज्यूसर’ म्हणतो ते वेगाने फिरणाऱ्या जाळीचे यंत्र. बाजारात ते सुटेही मिळते आणि मिक्सरला जोडूनही मिळते. चौथी जात ‘कोल्ड प्रेस’ किंवा ‘स्लो ज्यूसर’ या नावाने विकली जाते. हिच्यात मळसूत्रासारखा एक दांडा मिनिटाला जेमतेम चाळीस ते ऐंशी फेरे घेत फळ चिरडत पुढे ढकलतो. ही यंत्रे महाग असतात. मात्र अलीकडे त्यांचीही स्वस्त रूपे दुकानांत दिसू लागली आहेत.

यातल्या कोणत्याही यंत्राची तुलना दुसऱ्या ज्यूसरशी करण्याआधी ती आपल्या ओट्यावर असलेल्या मिक्सरशी करायला हवी. कलिंगड, द्राक्षे, अननस, टोमॅटो यांसारखी पाणीदार फळे मिक्सरमध्ये थोडी फिरवून गाळणीतून किंवा स्वच्छ मलमलच्या फडक्यातून गाळली की रस तयार होतो. अनेक मिक्सरांबरोबर मधोमध जाळी असलेले एक भांडेही आलेले असते, जे बहुतेक घरांत खोक्यातच पडून राहते. तेव्हा नवा ज्यूसर चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा. या मिक्सरला आणि गाळणीला जे जमत नाही असे काय तो करून देणार आहे, हे आधी ठरवले पाहिजे. विक्रेते ही तुलना कधीच करून दाखवत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

याचे उत्तर आपल्या घरात कोणती फळे येतात यावर अवलंबून आहे. आंबा, केळे, चिकू, सीताफळ, पपई या फळांचा गर होतो, रस होत नाही. ती ज्यूसरमध्ये घातली तर जाळी लिंपली जाते आणि हाती काहीच लागत नाही. त्यांच्यासाठी मिक्सरच हवा. ऊस तर घरगुती ज्यूसरमध्ये घालण्याचा विचारही करू नये, कारण त्याच्या चिवट धाग्यांपुढे जाळी आणि मोटार दोन्ही टिकत नाहीत.

मोसंबी आणि संत्र्यांची गोष्ट अधिक नाजूक आहे. जालन्याची मोसंबी आणि नागपूरचे संत्रे ही आपल्याकडची रसाची मुख्य फळे. पण त्यांच्या बियांमध्ये आणि सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यात असे द्रव्य असते, की ते चिरडले गेले की रस काढताना गोड लागतो आणि थोड्या वेळाने कडवट होत जातो. या कडूपणाला कारणीभूत असलेल्या द्रव्याला लिमोनिन म्हणतात. फळ सोलून, बियांसकट वेगवान जाळीच्या यंत्रात घातले तर बियाही किसल्या जातात आणि पापुद्राही. त्यामुळे सकाळी काढलेला रस कार्यालयात जाऊन पिणाऱ्याला तो कडू लागतो आणि दोष मात्र फळवाल्याला दिला जातो. शंकूवर पिळलेल्या रसात हे फारसे होत नाही, कारण तिथे बी अखंड राहते. म्हणून ज्या घरात रस म्हणजे मोसंबी-संत्रे एवढेच, तिथे मोठ्या यंत्रापेक्षा हजार रुपयांच्या आसपासची शंकूची पिळणी अधिक चांगला रस देते, असे माझे स्पष्ट मत आहे. हाताच्या पिळणीत तर बिघडण्यासारखे फारसे काही नसतेच. मात्र मनगटे दुखणाऱ्या किंवा संधिवात असलेल्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

डाळिंबाचे दाणे मिक्सरमध्ये भराभर फिरवले की आतले बी भरडले जाते आणि रसाला तुरटपणा येतो. कळ क्षणभर दाबायची आणि सोडायची, असे दोन-तीनदा केले तर काम भागते. पालक, कोथिंबीर, गव्हांकुर यांसारखा पाला वेगवान जाळीतून बराचसा तसाच बाहेर फेकला जातो. त्याला संथ यंत्रच लागते. उरली गाजर, बीट, सफरचंद, आले यांसारखी टणक मंडळी. पाणी न घालता त्यांचा रस काढणे मिक्सरला जमत नाही आणि पिळणीचा तर प्रश्नच नाही. स्वस्त ज्यूसरचे खरे कार्यक्षेत्र एवढेच आहे.

हे यंत्र कसे चालते ते पाहिले, की ते कुठे कमी पडते हेही कळते. तळाशी दातेरी चकती असते. दट्ट्याने खाली दाबलेली फोड तिच्यावर किसली जाते आणि तो कीस भोवतालच्या जाळीच्या भिंतीवर आपटतो. जाळी मिनिटाला कित्येक हजार फेरे घेत असल्यामुळे, कपड्यांच्या ड्रायरमध्ये पाणी बाहेर फेकले जावे तसा रस छिद्रांतून बाहेर पडतो. जाळीची भिंत तिरकी असेल, तर चोथा वर सरकत जाऊन वेगळ्या भांड्यात पडतो. सरळ असेल, तर तो आतच साचतो आणि दर थोड्या फळांनंतर यंत्र थांबवून काढावा लागतो. साचलेला चोथा एका बाजूला जास्त जमला, की तोल जाऊन यंत्र थरथरू लागते. दुकानात एकच गाजर घालून दाखवतात, तेव्हा हा दोष दिसत नाही. पाचव्या-सहाव्या गाजराला दिसतो. चोथा बाहेर टाकणारी रचना आणि स्टीलची जाळी या दोन गोष्टी नसतील, तर किंमत कितीही कमी असली तरी ते यंत्र घेऊ नये.

आता रस किती निघतो ते पाहू, कारण स्वस्त यंत्राची खरी किंमत इथे वसूल होत असते. हिशेबासाठी समजा, की गाजर चाळीस रुपये किलो आहे. एका यंत्रातून किलोमागे ४०० मिलिलिटर रस निघतो आणि तीन हजार रुपयांनी महाग असलेल्या दुसऱ्या यंत्रातून ५०० मिलिलिटर. लिटरभर रसासाठी पहिल्या यंत्राला अडीच किलो, म्हणजे शंभर रुपयांची गाजरे लागतील. दुसऱ्याला दोन किलो, म्हणजे ऐंशी रुपयांची. जे कुटुंब रोज अर्धा लिटर रस काढते, त्याचे महिन्याला तीनशे रुपये वाचतील आणि महाग यंत्राची वाढीव किंमत दहा महिन्यांत भरून निघेल. तेच कुटुंब फक्त रविवारी अर्धा लिटर रस काढत असेल, तर महिन्याची बचत जेमतेम चाळीस-पंचेचाळीस रुपये होते आणि तीन हजार रुपये वसूल व्हायला जवळजवळ सहा वर्षे लागतात. तोवर यंत्र चालू राहील याची खात्री कोण देणार? म्हणजे अधूनमधून रस पिणाऱ्याला स्वस्त यंत्र परवडते आणि रोज पिणाऱ्याला ते महागात पडू शकते. खरेदी करताना मात्र बहुतेक जण याच्या नेमके उलट करतात.

रस पुरेसा निघाला की नाही, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. यंत्रातून बाहेर पडलेला चोथा मुठीत घेऊन घट्ट आवळावा. बोटांतून रस ठिबकला, तर यंत्र आपले पैसे चोथ्यात टाकत आहे असे समजावे. ज्यांच्याकडे स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे, त्यांनी फळ आधी आणि रस नंतर तोलून पाहावा. गाजराचा चोथा थालीपिठात किंवा पराठ्यात खपतो, त्यामुळे नुकसान थोडे भरून निघते; बिटाचा चोथा मात्र घरच्यांच्या गळी उतरवायला कौशल्य लागते.

वेगवान यंत्राच्या उष्णतेने रसातील जीवनसत्त्वे नष्ट होतात, असे कोल्ड प्रेस विकणारे ठासून सांगतात. फोड त्या जाळीत काही क्षणच असते आणि तेवढ्यात रस काही उकळत नाही. वेगामुळे रसात हवा जास्त मिसळते, फेस येतो, रस लवकर काळपट पडतो आणि पाणी-गर वेगळे होतात, हे मात्र खरे आहे. रस काढल्याबरोबर पिणाऱ्याला या फरकाची चिंता करण्याचे कारण नाही. स्वस्त संथ यंत्रांबद्दल माझे मत सावध आहे, कारण त्यांचे तोंड बहुधा अरुंद असते, फळे बारीक चिरण्यात वेळ जातो आणि मळसूत्र हलक्या प्लॅस्टिकचे असेल तर कडक गाजरापुढे ते अडते.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वॉटच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. तो आकडा यंत्र वीज किती घेते हे सांगतो, रस किती देते हे नाही. विजेचा खर्च तर नगण्यच आहे: ५०० वॉटचे यंत्र रोज पाच मिनिटे चालवले, तरी महिन्याला सव्वा युनिट जळते. त्यापेक्षा आयएसआय चिन्ह आहे का, झाकण नीट बसल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही ना, आणि ते सलग किती मिनिटे चालवता येते, हे पाहावे. ही शेवटची माहिती यंत्राबरोबरच्या पत्रकात असते आणि ती न वाचल्यामुळे कित्येक मोटारी तापून बंद पडतात. बऱ्याच यंत्रांच्या बुडाशी एक छोटी कळ असते. भार वाढला की ती सुटते आणि वीज तोडते. यंत्र निवल्यावर ती पुन्हा दाबली, की काम सुरू होते. ‘जळाले’ म्हणून दुरुस्तीला गेलेल्या यंत्रांपैकी काहींचा आजार एवढाच असतो. मोटारीचे कार्बन ब्रश आणि कपलर, म्हणजे मोटारीला वरच्या फिरत्या भागाशी जोडणारा तुकडा, हे झिजणारे भाग आहेत. ते आपल्या गावच्या मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतात का, हे त्यालाच विचारून घ्यावे. हमी बहुधा मोटारीवर असते. जाळी, भांडी, कपलर यांवर नसते, आणि बिघडतात ते हेच.

यानंतरचा प्रश्न साफसफाईचा. माझ्या मते बहुतेक ज्यूसर बंद पडतात ते बिघडून नव्हे, तर धुण्याच्या कंटाळ्याने. गाजराचे तंतू जाळीच्या छिद्रांत अडकतात, आणि ते तासाभराने वाळले की नुसत्या पाण्याने निघत नाहीत; ब्रशने आतून आणि बाहेरून घासावे लागते. झाकण, दट्ट्या, जाळी, रसाचे भांडे, चोथ्याचे भांडे आणि रबराचे कडे एवढे सगळे धुवायचे असते. रस काढणारा एक आणि भांडी घासणारे दुसरेच कुणी, अशी घरातली व्यवस्था असेल, तर खरेदीआधी त्या दुसऱ्या माणसाचे मत घ्यावे. त्याचा अंदाज अधिक अचूक निघतो. जाळी नीट साफ झाली नाही, तर पुढच्या वेळी रस कमी निघतोच, शिवाय वासही येतो.

आरोग्यासाठी यंत्र घेणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायला हव्यात. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातील नैसर्गिक साखरही कमी ठेवायच्या साखरेतच धरते. ही सगळी साखर मिळून दिवसभराच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी, असे तिचे २०१५ सालचे मार्गदर्शन आहे. २०० मिलिलिटर संत्र्याच्या रसात साधारण १७ ग्रॅम साखर असते, आणि फळ चावून खाल्ल्यावर मिळणारा चोथा त्यात जवळजवळ नसतो. म्हणून धडधाकट माणसाने फळ खावे हेच बरे. ज्यांचे दात गेले आहेत किंवा आजारपणामुळे चावणे जमत नाही, त्यांच्यासाठी रस उपयोगी आहे. मधुमेह असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा रस सुरू करू नये. दुसरी गोष्ट दुधीच्या रसाची, कारण अनेक जण ज्यूसर त्यासाठीच आणतात. कडू दुधीत कुकुरबिटॅसिन नावाची विषारी द्रव्ये असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा सल्ला असा आहे, की रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखावा, तो कडू लागल्यास दुधी टाकून द्यावा, दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नये आणि पिल्यावर अस्वस्थ वाटल्यास लगेच रुग्णालय गाठावे. यंत्र चार भाज्या एकत्र करून देते, तेव्हा कडू चव झाकली जाते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

ज्यांना हे सगळे ऐकूनही ज्यूसर घ्यावासा वाटतो, त्यांनी आधी नातेवाइकांकडे आणि शेजारी चौकशी करावी. कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर एखादे यंत्र पडलेले सापडते. ते आठवडाभर मागून आणावे आणि रोज वापरून, धुऊन पाहावे. हौस तेवढ्यानेही ओसरली नाही, तर दुकानात जाऊन यंत्र समोर चालवून घ्यावे, आवाज ऐकावा, जाळी काढून आणि बसवून पाहावी. हमीपत्रावर तारीख आणि दुकानाचा शिक्का तिथेच उमटवून घ्यावा, कारण वापरलेले यंत्र परत घ्यायला विक्रेते सहसा तयार नसतात.

नमस्कार.