द्नो: तळ नावाचे स्टेशन

रशियन भाषेत 'द्नो' म्हणजे तळ. विहिरीचा तळ, नदीचा तळ, भांड्याचे बूड, या सगळ्यांना हा एकच शब्द चालतो. प्स्कोव प्रांताच्या पूर्व भागात, सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेला सुमारे 245 किलोमीटरवर, सखल आणि पाणथळ मुलुखात या नावाचे एक लहान शहर आहे. लोकवस्ती दहा हजारांहून कमी. उत्तरेकडून पीटर्सबर्गची, दक्षिणेकडून नोवोसोकोल्निकी आणि विटेब्स्कची, पश्चिमेकडून प्स्कोवची आणि पूर्वेकडून स्ताराया रूसाची, अशा चार वाटांचे रूळ इथे एकत्र येतात, आणि या चार वाटांनीच या गावाला जे काही द्यायचे आणि जे काही हिरावून न्यायचे, ते केले आहे.

रशियात अनेकांच्या मनात हे नाव एका समजुतीशी जोडलेले आहे. शेवटचा झार दुसरा निकोलस याने द्नो स्टेशनावर सिंहासनाचा त्याग केला, अशी ती समजूत. ती खरी नाही. राजत्यागाच्या कागदावर सही झाली ती प्स्कोवला, इथून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला. पण तीनशे वर्षांच्या राजघराण्याने तळ गाठला तो तळ नावाच्याच स्टेशनावर, ही कल्पना इतकी चपखल आहे की एकदा तोंडी लागल्यावर ती पुसून टाकणे इतिहासकारांनाही अवघड गेले. द्नोला त्या दिवशी प्रत्यक्षात जे घडले, ते मात्र या दंतकथेत हरवून जाते. ते समजून घ्यायचे, तर आधी हे रूळ इथे का आले, ते पाहावे लागेल.

एकोणिसाव्या शतकात वोल्गा नदीवरचे रिबिन्स्क हे धान्याचे मोठे बंदर होते. दक्षिणेकडच्या सुपीक प्रदेशातला गहू पडावांतून इथवर येई आणि पुढे राजधानीकडे जाई. 1870 मध्ये रिबिन्स्कपासून बोलोगोयेपर्यंत रेल्वे झाली आणि हे धान्य मॉस्को-पीटर्सबर्ग या मुख्य मार्गाला येऊन मिळू लागले. पण व्यापाऱ्यांची नजर त्याही पलीकडे, बाल्टिक समुद्राच्या बंदरांवर होती. म्हणून बोलोगोयेहून हाच मार्ग आणखी पश्चिमेकडे नेण्यात आला. वल्दाईच्या टेकड्या ओलांडून, स्ताराया रूसावरून तो 1897 मध्ये प्स्कोवला पोचला, आणि वाटेत द्नो नावाच्या खेड्याजवळ एक स्टेशन उभे राहिले.

ज्या खासगी कंपनीच्या हाती हा मार्ग होता, तिचे पुढे मॉस्को-विंदाऊ-रिबिन्स्क रेल्वे असे लांबलचक नाव झाले. विंदाऊ म्हणजे आज लातव्हियात असलेले वेंत्स्पिल्स बंदर. या कंपनीने 1900 मध्ये त्सारस्कोये सेलोची रेल्वे आपल्या ताब्यात घेतली. ही साधीसुधी खरेदी नव्हती, कारण 1837 मध्ये पीटर्सबर्गहून राजवाड्यांच्या या गावापर्यंत धावलेली गाडी ही रशियातली पहिली प्रवासी रेल्वे होती. तोच छोटा मार्ग कंपनीने दक्षिणेकडे वाढवत नेला आणि 1904 मध्ये तो विटेब्स्कपर्यंत खुला झाला. हा उत्तर-दक्षिण मार्ग पूर्व-पश्चिम मार्गाला जिथे छेदून गेला, ती जागा द्नो. सात वर्षांत एका वाटेवरचे स्टेशन जंक्शन झाले.

जंक्शन झाले की गावाची प्रकृतीच बदलते. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागते, कोळसा किंवा लाकूड लागते, राख काढावी लागते, चालक आणि आगवाला यांची पाळी बदलावी लागते. डब्यांची जुळणी आणि विलगीकरण होते, सांधे बदलावे लागतात, आणि हे सारे सुरळीत चालावे म्हणून तारघरात रात्रंदिवस माणूस बसवावा लागतो. लोकोशेड, पाण्याचा मनोरा आणि कामगारांची घरे यांच्याभोवती द्नो वाढत गेले. शेतीवर नव्हे, तर वेळापत्रकावर जगणारी ही वस्ती होती. 1925 मध्ये तिला शहराचा दर्जा मिळाला.

आता 1917 कडे वळू. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका चालत असे आणि ती आपल्या दिनदर्शिकेच्या तेरा दिवस मागे होती. म्हणून ज्या क्रांतीला फेब्रुवारी क्रांती म्हणतात, तिच्या या घटना आजच्या गणनेने मार्च महिन्यात येतात. इथे आपण आजच्याच तारखा सांगत आहोत.

पेत्रोग्राद, म्हणजेच पीटर्सबर्ग, बंडाच्या ताब्यात गेले तेव्हा झार मोगिल्योवच्या लष्करी मुख्यालयात होता. त्याची पत्नी आणि मुले त्सारस्कोये सेलोच्या राजवाड्यात होती आणि मुलांना गोवर झाला होता. 13 मार्चच्या पहाटे झार घरी जायला निघाला. दोन शाही गाड्या होत्या, एकीत परिवारातले अधिकारी, दुसरीत तो स्वतः, आणि दोहोंमध्ये तासाभराचे अंतर ठेवलेले होते. राजधानीकडे सैन्य नेणाऱ्या गाड्यांना सरळ मार्ग मोकळा राहावा, म्हणून शाही गाड्या स्मोलेन्स्क, व्याझ्मा आणि बोलोगोये अशा लांबच्या वळणाने नेण्यात आल्या. सैन्याची ती गाडीही निघाली होती. बंड मोडण्यासाठी नेमलेला जनरल इवानोव सेंट जॉर्ज पदकधारकांची तुकडी घेऊन विटेब्स्क आणि द्नोच्या सरळ वाटेने पुढे गेला होता.

त्याच दिवशी राजधानीत एक गोष्ट घडली, जिचे महत्त्व राजवाड्यापेक्षा रेल्वेच्या माणसांना आधी उमगले. द्युमाचे, म्हणजे रशियन संसदेचे, सदस्य अलेक्सांद्र बुब्लिकोव यांनी काही सैनिक बरोबर घेऊन रेल्वे मंत्रालयाचा ताबा घेतला. रेल्वेला स्वतःचे तारायंत्रांचे जाळे असते आणि ते प्रत्येक स्टेशनाच्या तारघरापर्यंत पोचते, हे त्यांना चांगले माहीत होते. त्या जाळ्यावरून त्यांनी देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना संदेश धाडला की जुनी सत्ता कोसळली आहे आणि सूत्रे द्युमाने हाती घेतली आहेत. पेत्रोग्रादच्या 250 वर्स्ट परिसरात, म्हणजे साधारण 267 किलोमीटरच्या आत, लष्करी गाड्या येऊ देऊ नयेत, असा आदेशही त्यांनी दिला. द्नो त्या वर्तुळात येत होते. रशियातल्या शेकडो गावांना क्रांतीची पहिली बातमी कळली ती कुठल्या वृत्तपत्रातून नाही, तर स्टेशनातल्या खडखडणाऱ्या तारयंत्रातून. या सगळ्या हकिगतीत माझ्या मनाला सर्वांत भिडणारी गोष्ट हीच आहे. जगातल्या सर्वांत लांब पसरलेल्या साम्राज्यांपैकी एकाचा धनी एका रुळावर चालला होता आणि त्याच्यापुढचा सिग्नल आता त्याच्या हाताखालच्या माणसांच्या हाती राहिला नव्हता.

13 आणि 14 मार्चच्या मधल्या रात्री दोनच्या सुमारास गाड्या मालाया विशेरा स्टेशनावर थांबल्या. पुढची ल्युबान आणि तोस्नो ही स्टेशने बंडखोरांच्या हाती गेल्याची खबर आली. राजधानी तिथून दीडशेक किलोमीटरवर होती. गाड्या माघारी फिरल्या, बोलोगोयेला आल्या आणि तिथून पश्चिमेकडे, वल्दाई आणि स्ताराया रूसाच्या वाटेने निघाल्या.

इवानोवची गाडी त्याच दिवशी सकाळी द्नोला पोचली होती. पेत्रोग्रादहून येणाऱ्या गाड्यांमध्ये बंडात सामील झालेले सैनिक होते, आणि त्याने द्नोच्या फलाटावर अशा सैनिकांची शस्त्रे काढून घेतली. मग तो उत्तरेकडे गेला. संध्याकाळी तो त्सारस्कोये सेलोला पोचला खरा, पण तिथली पलटण बंडखोरांना मिळालेली होती. आपली तुकडीही हातची जाईल या भीतीने तो त्याच रात्री मागे, विरित्सा स्टेशनावर आला. राजधानी परत जिंकण्याच्या मोहिमेचा शेवट असा एका लहान स्टेशनावर झाला.

दुपारनंतर झारची गाडी द्नोला आली. इथे द्युमाचे अध्यक्ष मिखाईल रोद्झ्यांको यांनी येऊन झारची भेट घ्यावी, असे ठरत होते. ही भेट झाली असती, तर काही तडजोड निघाली असती का, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. भेट झाली नाही. रोद्झ्यांको पेत्रोग्रादहून निघालेच नाहीत. द्नोच्या स्टेशनात रशियाचा सम्राट आपल्या संसदेच्या अध्यक्षाची वाट पाहत होता आणि समोरच्या रुळावर गाडी येत नव्हती. दंतकथेपेक्षा ही खरी घटना मला अधिक बोलकी वाटते. सही, साक्षीदार, भाषण असले काही या फलाटावर झाले नाही. इथे झाली ती फक्त प्रतीक्षा.

या स्टेशनावर झारपुढे दोन वाटा होत्या. उत्तरेकडचे रूळ सरळ त्सारस्कोये सेलोला, त्याच्या आजारी मुलांपाशी जात होते. पश्चिमेकडचे रूळ प्स्कोवला जात होते, जिथे उत्तर आघाडीचे मुख्यालय होते, जनरल रूझस्की होता आणि राजधानीशी थेट बोलता येईल असे तारयंत्र होते. गाडी पश्चिमेकडे वळली. रात्री आठच्या सुमारास ती प्स्कोवला पोचली. झारने त्या दिवशीच्या रोजनिशीत मालाया विशेराहून मागे फिरणे, वल्दाई, द्नो आणि प्स्कोव अशी नोंद केली आणि गात्चिना व लुगा हीही स्टेशने गेल्याचे लिहून पुढे शब्द घातले: लाज आणि लांच्छन! त्सारस्कोयेला पोचता आले नाही, मन मात्र सतत तिथेच आहे, असेही त्याने लिहिले आहे.

पुढचे झपाट्याने घडले. रूझस्की रात्री तारेवरून रोद्झ्यांको यांच्याशी बोलला. मोगिल्योवहून जनरल अलेक्सेयेवने सगळ्या आघाड्यांच्या सेनापतींचे मत मागवले आणि ते राजत्यागाच्या बाजूने आले. 15 मार्चच्या रात्री द्युमाचे प्रतिनिधी गुचकोव आणि शुल्गिन प्स्कोवला आले. शाही गाडीच्या डब्यात, पेन्सिलने, निकोलसने स्वतःच्या आणि मुलाच्या वतीने भाऊ मिखाईल याच्या बाजूने राजत्यागावर सही केली. मिखाईलने दुसऱ्या दिवशी सत्ता स्वीकारली नाही. आठवड्याभराने निकोलस त्सारस्कोये सेलोला पोचला तो कैदी म्हणून. त्याला मोगिल्योवहून आणायला गेलेल्या प्रतिनिधींमध्ये तारयंत्र हाती घेणारे बुब्लिकोव होते.

द्नोच्या लोकांच्या आयुष्यावर याहून कितीतरी खोल ओरखडा उमटवला तो दुसऱ्या महायुद्धाने. जुलै 1941 मध्ये जर्मन सैन्याने शहर घेतले. लेनिनग्रादवर, म्हणजे तेव्हाच्या नावाने पीटर्सबर्गवरच, चाल करणाऱ्या जर्मन फौजांना रसद प्स्कोवकडून येत होती, आणि इल्मेन सरोवराच्या दक्षिणेला लढणाऱ्यांपर्यंत ती पोचायची तर द्नो आणि स्ताराया रूसाचाच रेल्वेमार्ग होता. रशियन रुळांची रुंदी 1524 मिलिमीटर, जर्मन रुळांची 1435. आपली इंजिने चालावीत म्हणून जर्मनांनी व्यापलेल्या प्रदेशातले रूळ उखडून 89 मिलिमीटर जवळ आणून ठोकले. इतकी मेहनत घेतलेला मार्ग ते सहजासहजी सोडणार नव्हते.

द्नोच्या दक्षिणेकडच्या जंगलांत आणि दलदलीत छापामार तुकड्यांनी शत्रूच्या पिछाडीला स्वतःचा एक प्रदेशच उभा केला होता. मार्च 1942 मध्ये, लेनिनग्राद वेढ्यात उपाशी असताना, या प्रदेशातल्या खेड्यांनी स्वतःच्या तोंडचा घास काढून धान्य, मांस आणि लोणी गोळा केले आणि 223 घसरगाड्यांचा तांडा आघाडीची रेषा ओलांडून वेढलेल्या शहराकडे धाडला. व्यापलेल्या मुलुखातल्या शेतकऱ्यांनी हे करावे, ही गोष्ट वाचताना आजही अंगावर काटा येतो.

खुद्द द्नोमध्ये एक गुप्त गट काम करत होता आणि त्याची प्रमुख होती अनास्तासिया बिसेनिएक. तिचा जन्म 1899 चा. जंक्शनच्या गावात गाड्यांची ये-जा पाहणे यात कुणाला वावगे वाटत नाही. पण कोणती गाडी कुठे निघाली आणि तिच्यात सैनिक आहेत की रणगाडे, ही माहिती छापामारांच्या हाती पडली, तर त्या गाडीच्या पुढच्या वाटेवर रूळ उडवता येतात. या गटाने हे काम जर्मन ठाण्याच्या नाकासमोर केले. 1943 च्या शरदात बिसेनिएक पकडली गेली आणि छळ करून तिला ठार मारण्यात आले. 1965 मध्ये तिला सोव्हिएत संघाचा वीर हा सर्वोच्च सन्मान मरणोत्तर देण्यात आला. झारची गाडी काही काळ थांबली म्हणून ज्या गावाचे नाव जगाला कळते, त्या गावातच राहून मरण पत्करलेल्या या बाईचे नाव बाहेर फारसे कुणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

24 फेब्रुवारी 1944 रोजी शहर मुक्त झाले. लढाईत भाग घेतलेल्या काही सोव्हिएत तुकड्यांना सन्मान म्हणून द्नोचे नाव जोडण्यात आले. माघार घेताना जर्मन सैन्य गाडीमागे एक अवजड लोखंडी आकडा बांधून लाकडी स्लीपर मधोमध मोडत जाई, म्हणजे मागे उरलेले रूळ निरुपयोगी व्हावेत. युद्धानंतर या भागातल्या वाटा जवळजवळ नव्याने बांधाव्या लागल्या, आणि रशियन रुंदीवर परत आणाव्या लागल्या.

आज द्नो ऑक्टोबर रेल्वेच्या अखत्यारीत येते. वाफेची इंजिने केव्हाच गेली आणि त्यांच्याबरोबर पाणी, कोळसा, राख यांवर पोट असलेली कामेही गेली. डिझेल इंजिनाला जंक्शनवर पूर्वीइतके थांबावे लागत नाही. गाड्या कमी झाल्या, तरुण माणसे पीटर्सबर्गला जाऊ लागली. चार दिशांचे रूळ मात्र जागच्या जागी आहेत.

द्नोहून उत्तरेला निघालेली गाडी विरित्सावरून जाते, मग पाव्लोव्स्क येते, आणि त्यानंतर त्सारस्कोये सेलो. तिथून पुढे तासाभराच्या आत ती पीटर्सबर्गच्या विटेब्स्क स्टेशनात शिरते, जिथे 1837 च्या त्या पहिल्या गाडीची प्रतिकृती काचेआड उभी करून ठेवली आहे.