भिकू म्हात्रेचं कोल्हापूर कनेक्शन आणि 'सत्या' अजून का टोचतो

तर मंडळी, आज 'सत्या', राम गोपाल वर्माचा मुंबईतल्या गुंडांच्या टोळीवरचा पिक्चर. 3 जुलै 1998 ला रिलीज झाला, लोकांच्या ओळखीचा मोठा चेहरा म्हणाल तर एकट्या उर्मिला मातोंडकरचा, आणि पहिले काही दिवस थिएटरं थंडच होती. मग बघून आलेल्यांनीच एकमेकांना सांगितलं, अरे जा, बघा, आणि तिथनं पिक्चरनं जो जोर धरला तो धरलाच.

आता आपल्या कोल्हापूरकरांसाठीची गोष्ट. त्यातला टोळीचा म्होरक्या भिकू म्हात्रे झालेला मनोज बाजपेयी बिहारचा, चंपारणातला, मग मुंबईतला मराठी भाई कसा बोलतो हे त्यानं उचललं कुठनं? तर त्याच्याकडं स्वयंपाक करणारा माणूस कोल्हापूरचा होता, त्याच्याकडनं! भिकूचा तापटपणा आणि ते रंगीबेरंगी कपडे आले गावाकडच्या एका जितेंद्रच्या फॅनकडनं. आपण पाहुण्यांना खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ दाखवतो, बाबूराव पेंटरांनी 1920 ला 'सैरंध्री' पिक्चर काढला हे अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच पाहिजे, पण भिकूच्या आवाजात पण आपलं गाव आहे हे कुणीच बोलत नाही, मला हे लई मनाला लागतं.

पण नुसत्या बोलण्यानं भिकू उभा राहत नाही, त्याचं घर बघा. बाहेर ज्याला सगळे टरकतात तो घरी बायकोची, प्यारीची बोलणी खातो, चिडतो आणि परत तिच्याच मागं मागं करतो. प्यारी झालेल्या शेफाली शाहला सीन मोजकेच, तरी फिल्मफेअरचं क्रिटिक्स अवॉर्ड तिनं नेलं, आणि बाजपेयीला सहायक अभिनेत्याचं नॅशनल अवॉर्ड.

म्हणून तो मरतो तेव्हा पोटात खड्डा पडतो. टोळीच्या मागचा पुढारी भाऊ ठाकूरदास झावळे निवडणूक जिंकलाय, सगळे खुशीत आहेत, भिकू तर हवेतच, आणि भाऊ उठतो आणि डोक्यात गोळी घालतो. संपलं. शेवटचा डायलॉग नाही, मांडीवर डोकं ठेवून मरणं नाही. आत्ताच्या गँगस्टर पिक्चरमध्ये ह्याच जागी दहा मिनिटं स्लो मोशन आणि ढोल वाजले असते, आणि खरं सांगतो, काहीच वाटलं नसतं.

तो थिएटरचा सीन पण तसाच. पिक्चरचा हिरो, भिकूच्या टोळीतला सत्या, आणि त्याची प्रेयसी विद्या 'बॉर्डर' बघायला गेलेत, पोलीस दारं लावून घेतात, हा गोळी झाडतो आणि चेंगराचेंगरी होते. जून 1997 मध्ये दिल्लीच्या उपहार थिएटरात 'बॉर्डर' चालू असतानाच आग लागून 59 लोक गेले होते, त्याला जेमतेम एक वर्ष झालेलं, म्हणजे अंधारात खुर्चीवर बसून हे बघणाऱ्याची काय हालत झाली असेल विचार करा.

17 जानेवारी 2025 ला 'सत्या' परत थिएटरात लागला. राम गोपाल वर्मानं तेव्हा स्वतःच लिहिलं की एवढ्या वर्षांनी बघताना रडू आलं, आणि त्यातलं बरंचसं रडू नंतर आपण काय काय बनवलं ह्याच्यासाठी होतं. एवढं उघड कबूल करायला छाती लागते, मला तो माणूस त्या दिवशी परत आवडला.

पुढच्या व्हिडिओत 2002 चा 'कंपनी' घेणार आहे, अजय देवगण, विवेक ओबेरॉय आणि पोलिस अधिकारी मोहनलाल, त्याच्यावर निवांत बोलू.