परसातला कप्पा

(दृश्य: केरळ, कोट्टयमजवळचं परस. घरातल्या अम्मांचे दोन हात खोड धरून हलवतात.)

आधी थोडं हलवायचं, मग एका दमात वर. माती सुटली की बघा, हातभर लांबीचे कंद, एकाच बुंध्याला लगडलेले. हा कसावा. इथे कप्पा म्हणतात. साबुदाणा याच्याच पिठीचा. आपला उपास चालतो तो बराचसा तमिळनाडूतल्या सेलमच्या जिवावर. कंद मात्र आपल्यातल्या कितींनी हातात घेतलाय?

मूळ दक्षिण अमेरिकेतलं. पोर्तुगीजांबरोबर इकडे आलं. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८०च्या दशकात त्याच्या लागवडीला जोर दिला. पुढे १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या ताब्यात गेला, तिथला तांदूळ बंद झाला, आणि घराघरांत भाताच्या जागी कप्पा आला.

(दृश्य: कोयत्याने खोडाचे तुकडे.)

बी लागत नाही. खोडाचा वीतभर तुकडा, डोळे वरच्या बाजूला, मातीच्या उंचवट्यात दोन-तीन बोटं खोल. बस्स. पानं आक्रसलेली, पिवळ्या ठिपक्यांची असतील तर त्या झाडाचं खोड घ्यायचं नाही. तो मोझॅक रोग. पाणी तुंबू द्यायचं नाही. मग नऊ-दहा महिने थांबायचं. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेचं ‘श्री जया’ हे वाण सहा-सात महिन्यांतच तयार होतं.

(दृश्य: स्वयंपाकघर. सुरी, साल, वाफ.)

उभी चीर द्यायची, आतली जाड सालही बाहीसारखी सोलून काढायची. तुकडे लहान, पाणी भरपूर, झाकण नाही. मऊ शिजला की ते पाणी ओतून द्यायचं, आमटीत वापरायचं नाही. कच्च्या कंदातून सायनाइड सुटतं. सालीत आणि पानांत तर जास्तच. म्हणून कच्चा तुकडा तोंडात टाकायचा नाही, शिजूनही कडू लागला तर फेकायचा, आणि साली-पानं गुरांपुढे टाकायची नाहीत, जनावर दगावतं.

आता खोबरं, जिरं, हळद, हिरवी मिरची जाडसर वाटून त्यात घोटायची. शेजारी कुडमपुळी, म्हणजे कोकमासारखं आंबट वाळवलेलं फळ, घातलेलं माशाचं लाल कालवण.

(दृश्य: परस. उरलेली झाडं.)

उपटलेला कंद दोन-तीन दिवसांत आतून निळा-काळा पडतो. म्हणून अम्मा आज एकच झाड उपटतात. बाकीची तशीच उभी.