ऊन वरून लागतं म्हणून

सोलापूरचा मे महिना, दुपारचे तीन वाजलेत. हा आमच्या आजीच्या घरामागचा सिमेंटचा हौद, सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा काठोकाठ भरलेला. हात घालून बघतो. वरची चार बोटं पाणी एवढं तापलंय की अंघोळीला विसण लागेल, आणि तोच हात कोपराच्या खाली नेला की गार. एकच हौद, एकच पाणी, पण वरचं खालच्यात मिसळायलाच तयार नाही.

आता चुलीवरचं आधण आठवा. तिथं जाळ खालून लागतो, तळाचं पाणी तापून हलकं होतं, वर येतं, वरचं खाली जातं, म्हणून भांडं सगळं ढवळून निघतं. ऊन मात्र वरून लागतं. वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि तिथंच तरंगत बसतं, त्याला खाली जायचं कारणच उरत नाही. मला कितीतरी वर्षं वाटायचं की ऊन लागलं की समुद्र जास्त खवळत असेल. तसं नाही बघा. ऊन घुसळण थांबवतं.

समुद्र आपल्यापासून अडीचशे किलोमीटरच्या वर लांब आहे, पण नियम हौदाचाच. सूर्याची निम्म्याहून जास्त उष्णता पाण्याच्या पहिल्या मीटरभरातच शोषली जाते. वारा पडलेला असेल तर दुपारपर्यंत वरचे एक-दोन मीटर पाणी खालच्यापेक्षा १ ते ३ अंशांनी गरम होतं, कधीकधी त्याहूनही जास्त. वारा जोरात असला तर हा थर बनतच नाही, लाटा तो मोडून टाकतात.

आणि खरी गंमत पुढं आहे. एरवी वाऱ्याचा जोर वीस-तीस मीटर खोल पाण्यात वाटला जातो, पण दुपारी मधे हा गरम थर आडवा येतो, त्यामुळं सगळा जोर त्या पातळ थरालाच मिळतो आणि तो खालच्या गार पाण्यावरून सुळकन घसरायला लागतो. आपल्या सोलापुरी चादरी दोन एकावर एक घडी करून ठेवल्यात आणि वरचीला हाताने ढकललं तर वरची सरकते, खालची जागच्या जागी, अगदी तसं. पण घसरण वाढत गेली की दोन थरांच्या सांध्यात पाण्याच्या गुंडाळ्या व्हायला लागतात, लाटेसारख्या वळून फुटणाऱ्या, आणि तिथं घुसळण सुरू होते. म्हणजे ज्या उन्हाने घुसळण थांबवली त्याच उन्हाने संध्याकाळच्या घुसळणीची तयारी करून ठेवली.

सूर्य कलला की वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली बुडायला लागतं. आता आधणाचं उलटं, म्हणजे वरून गारवा. रात्रभर हे चालतं आणि थर खोल खोल मिसळत जातो.

विषुववृत्तावर तर याचं फार भारी रूप दिसतं. पॅसिफिकमधे वरचं पाणी पश्चिमेला जातं आणि साधारण शंभर मीटर खाली एक जोरदार प्रवाह पूर्वेला. १९८४ साली शास्त्रज्ञांनी तिथं दिवसरात्र बारीक सेन्सर पाण्यात सोडून मोजलं, तर मिसळलेल्या थराच्याही खाली, कित्येक मीटर खोल, रात्रीची घुसळण दिवसाच्या दहापटीहून जास्त निघाली. उन्हाची ऊब तिथवर फारशी पोचत नाही, तरी ते पाणी दिवस-रात्र पाळतं! कारण ते दोन प्रवाह आधीच एकमेकांवर इतके घासत असतात की दुपारचा घसरता थर संध्याकाळी खाली उतरला, थोडासा धक्का बसला, की पुरतं.

हे आपल्या कामाचं कसं, तर पावसासाठी. आपल्याकडचा सप्टेंबरचा पाऊस बराचसा बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर असतो. तिथं गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर तरंगतं, तेही हलकंच, म्हणून उष्णता आणखी वरच अडकते. पावसाने उघडीप दिली, आभाळ मोकळं झालं, वारा पडला की रोज दुपारी तो पृष्ठभाग तापतो, त्यावरून हवेला वाफ आणि ऊब मिळते आणि पुढच्या ढगांची जमवाजमव होते. कॉम्प्युटर मॉडेलमधे समुद्राचा सगळ्यात वरचा थर दहा मीटर जाडीचा धरला तर ही दुपारची ऊब त्यात विरघळून दिसेनाशी होते. हैदराबादला, म्हणजे आपल्यापासून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर, समुद्राचे अंदाज देणारी इन्कॉईस ही सरकारी संस्था आहे, तिथल्या लोकांसाठी हे एक-दोन मीटर फार मोलाचे.

आता पहाटेचे पाच वाजलेत, मी परत हौदाशी आलोय. रात्री कुणी पाणी काढलं नाही, ढवळलं नाही. हात घालतो, बोटं वर, मग कोपर, मग खांदा. वर खाली सगळीकडं सारखंच गार.