वारा आहे, वायर नाही

तारीख ३० सप्टेंबर २०२४. ब्रिटनमध्ये एकाच दिवशी दोन गोष्टी बंद पडल्या. नॉटिंगहॅमजवळचं रॅटक्लिफ-ऑन-सोर, देशातलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र, त्याचं काम थांबलं, म्हणजे १८८२ मध्ये लंडनच्या होबर्न व्हायाडक्टवर पहिलं केंद्र सुरू झालं तिथपासूनचा १४२ वर्षांचा कोळशाच्या विजेचा हिशोब मिटला. आणि त्याच दिवशी वेल्समध्ये पोर्ट टॅलबटला टाटा स्टीलची शेवटची ब्लास्ट फर्नेस, म्हणजे खनिजातून लोखंड काढणारी भट्टी, बंद झाली. हो, तेच टाटा, मुंबईतल्या बॉम्बे हाऊसवाले.

आता तिथं इलेक्ट्रिक आर्क फर्नेस येतेय. खनिजातून लोखंड काढायचं नाही, भंगार आणायचं आणि विजेवर वितळवायचं. खर्च सव्वा अब्ज पाउंड, त्यातले ५० कोटी सरकार देतंय. धूर कमी होणार, कामगारही कमी लागणार, ते दुःख वेगळंच. पण धंद्याच्या नजरेनं बघितलं तर प्रश्न सरळ आहे, भट्टी विजेवर चालणार तर वीज काय भावानं मिळणार? आणि इथंच गोची आहे, कारण कारखान्यांना सगळ्यात महाग वीज देणाऱ्या विकसित देशांच्या यादीत ब्रिटन अगदी वरच्या टोकाला आहे.

का? वारा तर धो धो आहे. उत्तर समुद्रात त्यांनी पवनचक्क्या उभ्या केल्यात त्या बघून डोळे फिरतात, समुद्रातल्या पवनऊर्जेत चीनच्या खालोखाल हेच. मग महाग का?

तर तिथला बाजार असा चालतो. मागणी किती आहे बघायचं, मग स्वस्त वीज आधी घ्यायची, वारा, सोलर, अणू, आणि तरी कमी पडली की गॅसचं केंद्र चालू करायचं. आणि भाव कोणाचा लागणार? शेवटी जे केंद्र चालू करावं लागलं त्याचा. समजा लासलगावला शंभर ट्रॉल्या कांदा आला आणि सगळ्यात महागाची शेवटची ट्रॉली ज्या भावानं घ्यावी लागली तोच भाव सगळ्यांना दिला, तसं. ब्रिटनमध्ये ती शेवटची ट्रॉली बहुतेक वेळा गॅसची असते. म्हणून २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला, गॅस भडकला, आणि वारा फुकट असूनसुद्धा लोकांची लाईट बिलं भडकली. (काही पवनचक्क्यांशी सरकारचे ठरलेल्या भावाचे करार असतात, त्यांचं गणित वेगळं, पण मुख्य चित्र हेच.) वर कार्बनचा कर, हरित योजनांचे अधिभार, तारांचा खर्च, हे सगळं बिलातच.

पण आजची खरी गोष्ट त्या तारांचीच आहे.

जोरदार वारा स्कॉटलंडमध्ये आणि वीज हवी लंडनकडे, दक्षिणेत. मधे पुरेशा लाईनी नाहीत. मग जोराचा वारा सुटला की ग्रीडवाले काय करतात, तर स्कॉटलंडच्या पवनचक्क्यांना सांगतात बंद करा, आणि बंद करायचे पैसे देतात, आणि त्याच वेळी दक्षिणेत गॅसचं केंद्र चालू करायला लावतात, त्याचेही पैसे देतात. म्हणजे एकच वीज आणि पैसे दोनदा. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सीग्रीन नावाचा ११४ पवनचक्क्यांचा मोठा प्रकल्प आहे, २०२३ ला पूर्ण झाला, आणि सगळ्यात जास्त बंद ठेवाव्या लागणाऱ्यांत त्याचं नाव लागतं. नवा कोरा!

मग लाईन टाका ना, कोणी अडवलंय? तर अडवलंय. बोली ते डेनी ही स्कॉटलंडमधलीच लाईन, साधारण २२० किलोमीटर. अर्ज केला २००५ ला, चौकशी, सुनावण्या, हजारोंनी हरकती, मंजुरी मिळाली जानेवारी २०१० मध्ये आणि लाईन पूर्ण चालू झाली २०१५ च्या शेवटी. दहा वर्षं. त्यातली निम्मी नुसती कागदात.

याचं मूळ बघायचं तर १९४७ ला जावं लागतं. आपल्याकडे स्वातंत्र्य मिळत होतं तेव्हा तिकडे पंतप्रधान अ‍ॅटलींच्या सरकारनं टाउन अँड कंट्री प्लॅनिंगचा कायदा केला. जमीन तुमचीच, पण तिच्यावर बांधायचा हक्क सरकारचा, परवानगीशिवाय वीटही नाही. आता तुम्ही म्हणाल आपल्याकडेही परवानगी लागतेच की, एनए करा, डीपी (शहराचा विकास आराखडा) बघा, एफएसआय बघा. पण फरक आहे. आपल्याकडे निदान कागदावर तरी असं आहे की डीपीमध्ये जागा रहिवासी दाखवलीये, नकाशा नियमात बसतोय, तर मंजुरी मिळायला हवी. (मिळते का, कधी मिळते, टेबलाखालून काय काय, तो विषय आज नको.) तिकडे नियमात बसलं तरी हो म्हणायचंच असं नाही. बराचसा निर्णय प्रत्येक प्रकरणाचा वेगळा, मोठं काही असलं की कौन्सिलची कमिटी बसणार, शेजारी पत्र लिहिणार, नगरसेवकाला पुढची निवडणूक दिसणार.

तेव्हा कायदा आणला तो उगाच नाही हे पण सांगायला हवं. १९३० च्या दशकात शहरं रस्त्यांच्या कडेकडेनं वेडीवाकडी पसरत होती, शेतं गिळत होती. आज लंडनमधून ट्रेननं तासभर गेलात की हिरवीगार कुरणं लागतात ती या कायद्यामुळं आणि ग्रीन बेल्टमुळं, म्हणजे शहरांभोवती बांधकामापासून राखून ठेवलेल्या पट्ट्यांमुळं. इंग्लंडची साधारण आठवा हिस्सा जमीन ग्रीन बेल्टमध्ये आहे. पुण्याच्या टेकड्यांवर काय चाललंय ते बघणाऱ्या माणसाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण किंमतही बघा.

बकिंगहॅमशरमध्ये शीपहाऊस वूड नावाचं जंगल आहे. शेजारून एचएस२ ही हायस्पीड रेल्वे जाणार. जंगलात बेखस्टाइन जातीची दुर्मिळ वटवाघळं. ती गाडीला धडकू नयेत म्हणून रुळांवर जवळपास एक किलोमीटर लांबीचं जाळीचं छप्पर, खर्च १० कोटी पाउंडांच्या वर. हे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एचएस२ चे तेव्हाचे अध्यक्ष जॉन थॉम्पसन यांनीच एका परिषदेत सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की हायस्पीड गाडीमुळं वटवाघळांना त्रास होतो याचा पुरावा नाही. पुढची गंमत म्हणजे निसर्ग खात्याकडून परवाना आणला तर स्थानिक कौन्सिलनं छपराला नाही म्हटलं, मग त्याविरुद्ध अपील. ते निसर्ग खातं, नॅचरल इंग्लंड, म्हणतं असंच बांधा असं आम्ही सांगितलं नव्हतं. असेल. पण या रेल्वेला वेगवेगळ्या सरकारी संस्थांकडून एकूण ८,२७६ परवानग्या लागल्या असा आकडा थॉम्पसननीच दिलाय, आणि एवढ्या टेबलांवरून फिरताना कोण नक्की काय म्हणालं हे शोधणं हाच एक प्रकल्प. लीड्सचा फाटा २०२१ ला रद्द झाला, मँचेस्टरचा २०२३ ला. राहिलं लंडन ते बर्मिंगहॅम.

थेम्सखालून केंट आणि एसेक्स जोडणारा लोअर थेम्स क्रॉसिंगचा बोगदा घ्या. परवानगीच्या अर्जाची कागदपत्रं साडेतीन लाख पानांच्या पुढे, कुदळ मारायच्या आधी खर्च २५ कोटी पाउंडांवर. मंजुरी मिळाली मार्च २०२५ मध्ये.

आणि कधीकधी तर साडेतीन लाख पानंही लागत नाहीत, एक तळटीप पुरते. २०१५ ला पंतप्रधान कॅमेरून यांच्या सरकारनं इंग्लंडात जमिनीवरच्या पवनचक्क्यांसाठी नियम बदलला. स्थानिक आराखड्यात आधीच जागा दाखवलेली हवी आणि गावकऱ्यांच्या सगळ्या शंकांचं निरसन झालेलं हवं. वाचायला किती शहाणं वाटतं, पण सगळ्या म्हणजे सगळ्या, एकानं हरकत घेतली तरी घोडं अडलं. पुढे हेच राष्ट्रीय धोरणाच्या तळटिपेत गेलं आणि बंदी हा शब्द न वापरता नव्या पवनचक्क्या जवळपास बंद. जुलै २०२४ ला लेबर पक्ष निवडून आला आणि चार दिवसांत अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ती अट काढली. ऊर्जामंत्री नव्हे, अर्थमंत्री! मला वाटतं यातच सगळं आलं.

अणुवीज घ्या. कंब्रियातलं कॅल्डर हॉल १९५३ ला बांधायला घेतलं आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये राणी एलिझाबेथनी उद्घाटन केलं. तीन वर्षं! तेही जगात कोणी इतक्या मोठ्या प्रमाणावर केलेलं नसताना. आता सॉमरसेटचं हिंकली पॉइंट सी. बांधणाऱ्या ईडीएफ कंपनीचे साहेब २००७ मध्ये म्हणाले होते की २०१७ च्या नाताळची टर्की लोक या विजेवर भाजतील. जानेवारी २०२४ च्या अंदाजात २०२९ च्या आधी काही नाही, आणि १८ अब्जांचा खर्च २०१५ च्याच किमतींनी ३० अब्जांच्या पुढे गेलाय. सगळा दोष परवानग्यांचा नाही, डिझाइन अवघड, कारागिरी विसरलेली, मधे कोविड. पण समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पाइपांत मासे येऊ नयेत म्हणून पाण्याखाली २८८ स्पीकर लावायचे की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला. लोकांनी त्याला 'फिश डिस्को' नाव ठेवलं.

याचा सामान्य माणसाशी काय संबंध, तर पश्चिम लंडन बघा. हाऊन्स्लो, ईलिंग, हिलिंग्डन, आपली भरपूर माणसं राहतात तिकडं. २०२२ मध्ये तिथल्या काही नव्या गृहप्रकल्पांना सांगितलं गेलं की ग्रीडमध्ये जागा नाही, २०३५ पर्यंतही थांबावं लागेल. क्षमता आधीच डेटा सेंटरांनी बुक केलेली. म्हणजे प्लॅनिंगची परवानगी मिळवलीत तरी वीज नाही, आणि वीज यायची तर सबस्टेशन, लाईनी, त्यांना पुन्हा प्लॅनिंगची परवानगी. घरं कमी, भाडी चढी, कारखान्याला वीज महाग, आणि मग २००८ पासून महागाई वजा करता पगार जेमतेम हललेत याचं सगळे आश्चर्य करतात.

मार्च २०२५ मध्ये सरकारनं प्लॅनिंग आणि पायाभूत सुविधांचं विधेयक आणलं, त्यात मोठ्या लाईनीच्या टॉवरजवळ राहणाऱ्यांना लाईट बिलात सूट द्यायचीही तरतूद होती. आपल्याकडे टॉवर लाईन गेली की शेतकरी मोबदल्यासाठी उभा राहतो, तिकडे सरकारच पुढे होऊन द्यायला निघालं, चांगलंच आहे.

पण बघू. नॉर्विच ते टिलबरी अशी साधारण १८० किलोमीटरची नवी लाईन टाकायचीये, समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज लंडनकडे न्यायला. गावोगाव 'टॉवर नको'चे फलक. आणि वेगळा पर्याय बघा, असेच टॉवर कशाला, असं म्हणत विरोधात उभे राहिलेल्या खासदारांत ग्रीन पार्टीचे तेव्हाचे सहनेते एड्रियन रॅमझीसुद्धा होते.